हातासाठी केलेलं पॉलिश

फर्निचरवरचं पॉलिश लोक आधी डोळ्यांनी पाहतात. कपाटाचं दार किंवा देव्हाऱ्याची महिरप उजेडात कशी झळकते ते पाहून गिऱ्हाईक खूश होतं आणि पैसे मोजतं. मुठीची परीक्षा अंधारातही घेता येते. कुऱ्हाडीचा दांडा असो, खुरप्याची मूठ असो की नेमबाजाच्या पिस्तुलाची ग्रिप, हात मिटला की एका क्षणात कळतं: कुठे टोचतंय, कुठे पोकळी राहिली, कुठे घसरतंय. मी बीदरमध्ये सुतारकाम आणि पॉलिशकाम करतो. माझी बरीच वर्षं डोळ्यांसाठीच्या पॉलिशमध्ये गेली. अलीकडे मात्र एअर पिस्तुलाच्या लाकडी मुठी घासून, भरून, तेल पाजून नेमबाज पोरापोरींच्या हाताला बसवून देण्याचं काम माझ्याकडे येतं. आकाराने तळहाताएवढं हे काम, पण लाकडावर हात कसा चालवायचा हे मला त्याने नव्याने शिकवलं.

आमच्या भागात नेमबाजीची हवा कोल्हापूरकडून आली असं मी म्हणेन. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018च्या आशियाई क्रीडास्पर्धेत 25 मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक मिळवलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. मग 2024मध्ये पॅरिसला मनू भाकरने 10 मीटर एअर पिस्तूलमध्ये कांस्यपदक घेतलं, तिथेच कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये घेतलं. भालकी, औराद, बसवकल्याण, उदगीर या पट्ट्यातल्या मराठी घरांत टीव्हीवर हे सगळं पाहिलं गेलं. आणि 10 मीटरची नेमबाजी अशी आहे की तिला मैदान लागत नाही. लांबोडकी खोली, मागे भक्कम आडोसा, नियमाप्रमाणे सुरक्षेची व्यवस्था आणि जाणता प्रशिक्षक असला की सराव सुरू होतो. ठरावीक मर्यादेतल्या ताकदीच्या 0.177 बोअरच्या हवेच्या पिस्तुलाला बंदुकीसारखा परवानाही लागत नाही. त्यामुळे छोट्या गावांतल्या मुलांना परवडण्यासारखा हाच नेमबाजीचा दरवाजा आहे.

परवडण्यासारखा म्हटलं तरी स्पर्धेचं नवं परदेशी पिस्तूल लाखाच्या वर जातं. म्हणून बहुतेक मुलं जुनं घेतात. पुण्याला सरावाला गेलेला कुणी मोठा नेमबाज नवं पिस्तूल घेतो, त्याचं जुनं आमच्याकडच्या पोराच्या हातात येतं. इथेच माझं काम सुरू होतं. या पिस्तुलाची मूठ ही साधी पकड नसते. ती तळहाताच्या आकाराने कोरलेली असते. अंगठ्याला वेगळी जागा, मधल्या बोटांना वेगवेगळ्या खाचा, खाली मनगटाच्या अंगाला तळहात टेकवायला एक फळी, तिला ही मुलं पाम शेल्फ म्हणतात. कारखान्यातून ती लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते, आणि मग प्रत्येक नेमबाज कानशीने, पुट्टीने, काचपेपरने ती आपल्या हाताची करून घेतो. जुन्या पिस्तुलाबरोबर म्हणूनच जुन्या मालकाचा हातही येतो. त्याची बोटं जाड असतील तर खाचा रुंद, तो घामट असेल तर लाकूड काळवंडलेलं, त्याने कुठे घाईने पुट्टी थापली असेल तर तिथे फुगवटा.

माझ्याकडे पहिली मूठ घेऊन आला तो कॉलेजचा मुलगा भालकीकडचा होता. म्हणाला, “काका, दहा-वीस गोळ्या बऱ्या जात्यात. मग इथं आग व्हायला लागते बगा.” अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली बेचकी त्याने दाखवली. कातडी लालबुंद झाली होती. शंभर रुपयांचा काचपेपर घेऊन त्याने स्वतःच घासून पाहिलं असतं, पण त्याच्या सरांनी त्याला अडवलं होतं. लाकूड एकदा निघालं की परत येत नाही, जाणत्याकडे जा, असं ते म्हणाले होते. ते सर मला आजवर भेटलेले नाहीत, पण त्या एका वाक्यासाठी मी त्यांना मनातून मानतो.

एक नियम मी त्याच दिवशी ठरवला आणि तो आजही पाळतो. दुकानात पिस्तूल आणायचं नाही, फक्त मूठ आणायची. एक-दोन स्क्रू सोडवले की ती निघते. ते काम ज्याचं पिस्तूल त्याने, आपल्या सरांच्या समोर करावं. अधूनमधून दुसऱ्या तऱ्हेचे लोकही येतात. घरात आजोबांपासून चालत आलेलं परवान्याचं रिव्हॉल्व्हर असतं, त्याच्या मुठीची लाकडं निस्तेज झालेली असतात, “जरा चमकवून द्या” म्हणतात. त्यांना मी चहा पाजतो आणि परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडे पाठवतो. 1959च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि ज्या कामाचा अधिकार आपल्याकडे नाही ते गोड बोलून नाकारणं हाही कारागिरीचाच भाग आहे असं मी धरतो.

मूठ हातात आली की मी आधी लाकूड पाहत नाही, हात पाहतो. मुलाला किंवा मुलीला म्हणतो, नेहमी धरता तशी धर. बघायच्या गोष्टी पुष्कळ असतात. बेचकी वर नीट टेकते का. मधली तीन बोटं सरळ मागे दाब देतात की एखादं बोट बाजूला ढकलतं. तळहाताच्या खोलगटात लाकूड भरतं की पोकळी राहते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, चाप ओढणारं बोट लाकडाला लागतं का. ते लागता कामा नये. एअर पिस्तुलाच्या चापाला नियमाने किमान 500 ग्रॅमचा भार असतो. तो सरळ मागे ओढताना बोटाची कड लाकडावर जराशी घासली तरी सगळी मूठ केसभर हलते. समोर दहा मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ असतं साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं, आपल्या करंगळीच्या नखाएवढं. इथलं केसभर तिथे वर्तुळाबाहेर जातं.

टोचतं कुठे हे विचारून नेमकं कळत नाही. हात दुखतो तेव्हा माणूस ढोबळ जागा दाखवतो. म्हणून मी तळहाताला खडूची पूड लावायला सांगतो आणि मूठ एकदाच घट्ट धरून सोडायला सांगतो. जिथे दाब जास्त तिथे पूड दाट उठते, जिथे पोकळी तिथे लाकूड कोरडं राहतं. चौकटीत दार बसवताना दार कुठे अडतं ते शोधायची ही आमची जुनी रीत आहे. त्या डागांभोवती मी पेन्सिलीने हलकी रेघ मारतो. मग मूठ बाजूला ठेवून त्याच माणसाला पुन्हा धरायला लावतो. दोन्ही वेळा डाग एकाच जागी आले तर त्याचा हात स्थिर झालेला आहे, काम करता येईल. डाग दर वेळी वेगळे आले तर मी लाकडाला हात लावत नाही. त्याला सांगतो, अजून महिनाभर सराव कर, तुझ्या हाताने अजून जागा ठरवलेली नाही. काही जण हिरमुसतात. पण रोज बदलणाऱ्या हाताप्रमाणे लाकूड कापत गेलं तर शेवटी हातात लाकूडच उरायचं नाही.

मग लाकूड. या मुठी बहुतेक अक्रोडाच्या असतात, काही थरांच्या दाबलेल्या लाकडाच्या. जगभरच्या बंदूकवाल्यांनी अक्रोड निवडला, श्रीनगरच्या बंदूक कारखान्यांतही दस्ते अक्रोडाचेच होतात. त्याला कारण आहे. हे लाकूड फार जड नाही आणि फार मऊही नाही. एकदा नीट वाळलं की फारसं पिळवटत नाही, आणि कोरताना त्याचा कपरा उडत नाही. आमच्या बाजूला हाताशी असतो तो सागवान आणि शिसम. सागवानात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे त्यावर दुसरं तेल जिरायला वेळ घेतं. शिसम घट्ट आणि वजनदार. पिस्तुलाचं एकूण वजन नियमाने 1500 ग्रॅमच्या आत ठेवायचं असतं आणि ते सबंध वजन एका हाताने, मनगट मोकळं ठेवून पेलायचं असतं. पुरुष असो की बाई, एका फेरीत साठ गोळ्या सव्वा तासात मारायच्या. मुठीत वाढलेले थोडेसे ग्रॅमसुद्धा शेवटच्या दहा गोळ्यांना खांद्याला कळतात. म्हणून तुटलेली कड भरायला तुकडा जोडायचा झाला तर मी अक्रोडच शोधतो. एका जुन्या मोडक्या अक्रोडी ट्रेचे तुकडे मी त्यासाठीच जपून ठेवले आहेत.

कामाची पहिली पायरी म्हणजे आधीचा लेप काढणं. पुष्कळ मुलांनी किंवा जुन्या मालकांनी मुठीवर मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचा थर मारलेला असतो. दिसायला तो छान दिसतो. पण तो लाकडावर बसलेला काचेसारखा पापुद्रा असतो, घाम त्यातून आत जात नाही, वरच साचतो आणि हात सरकतो. मग नेमबाज आणखी जोरात आवळतो, बोटं थरथरतात. लाखेचं फ्रेंच पॉलिश माझं सगळ्यांत आवडतं काम आहे. पळसावर, कुसुमावर, बोरीवर वाढणाऱ्या लाखेच्या किड्यांपासून मिळणारा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या पुरचुंडीने एकावर एक हात देत गेलं की लाकडाला जी खोली येते ती दुसऱ्या कशाने येत नाही. पण मुठीसाठी मी तेही टाळतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि करोनाच्या साथीपासून पुष्कळांच्या पिशवीत हाताला लावायचं सॅनिटायझर असतं. तेही मुख्यतः अल्कोहोलच. ओल्या हाताने मूठ धरली की पॉलिश चिकट होतं आणि बोटांचे ठसे उमटतात. माझं आवडतं काम मला इथे बाजूला ठेवावं लागतं, कारण निवड माझ्या आवडीची नाही, त्या हाताच्या गरजेची आहे.

लेप काढायला मी रसायन शक्यतो वापरत नाही. खाचांत ते अडकून राहतं आणि नंतर घामाबरोबर बाहेर येतं. पातळ पोलादी पत्र्याच्या धारेने हलकं खरवडतो. मग खडूच्या खुणांप्रमाणे अर्धगोल कानस. एका जागी तीन-चार घासे, मग पुन्हा हातात देऊन पाहणं, मग पुन्हा दोन घासे. हे काम मालक समोर बसलेला असतानाच होतं. त्यामुळे मुलांना मी सकाळी लवकर बोलावतो, दुकानात गर्दी व्हायच्या आत. नियमांचंही भान ठेवावं लागतं. स्पर्धेच्या आधी पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत बसतं का ते तपासतात. मुठीने हाताला वेढा घालायचा नाही, तळहाताच्या फळीला वर वाक द्यायचा नाही, अंगठा वरच्या बाजूला मोकळा हलला पाहिजे. एखादा मुलगा म्हणतो, “काका, फळीची कड जरा वर वळवा ना, हात घट्ट बसंल.” बसेल खरं, पण स्पर्धेच्या टेबलावर अडवतील. तेव्हा मी नाही म्हणतो आणि का ते समजावतो.

यानंतर काचपेपर. 120 नंबरने कानशीचे ओरखडे जातात, मग 180, 220, 320, शेवटी 400. प्रत्येक नंबरने आधीच्या नंबरचे ओरखडे पुसायचे असतात. मधला एखादा गाळला तर तेल लावल्यावर ते ओरखडे डोकं वर काढतात. घासायचं नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. बोटांच्या खाचांत कागद नुसत्या बोटाने दाबला तर खाच ओबडधोबड होते, म्हणून वेगवेगळ्या जाडीच्या गोल काठ्यांना कागद गुंडाळून घासतो. आणि 320 झालं की एक पायरी येते, ती घाईतला माणूस नेमकी सोडतो. ओल्या फडक्याने सगळी मूठ पुसून काढायची आणि वाळू द्यायची. पाणी लागलं की दबलेले तंतू फुगून उभे राहतात आणि गुळगुळीत वाटणारं लाकूड खरखरीत होतं. ते उभे तंतू हलक्या हाताने कापून टाकायचे. हे एकदोनदा केलं की पुढे नेमबाजाच्या घामाने तेच तंतू पुन्हा उठत नाहीत. पाणी आपण आपल्या दुकानात पाजलं नाही तर घाम ते स्पर्धेच्या दिवशी पाजतो. घासताना तोंडाला फडकं नाही, नीट मास्क बांधावा. अक्रोड आणि शिसम या दोघांचा भुसा नाकाला आणि कातडीला त्रास देतो.

आता या कामातली खरी अक्कल. सगळी मूठ सारखी गुळगुळीत करायची नसते. जिथे कातडी लाकडावर सरकते तिथे ती मऊ हवी: बेचकीच्या खाली, अंगठ्याच्या टेकणीवर, चापाच्या बोटाच्या शेजारी, जिथे हात आत शिरताना घासतो त्या कडेला. जिथे कातडीने सरकू नये तिथे धरून ठेवणारा खरखरीतपणा हवा: तळहाताच्या मध्यभागी आणि मधल्या बोटांच्या पेरांखाली. कारखान्यातून येणाऱ्या मुठींवर तिथे बारीक टोचे मारलेले असतात. मुलं आली की पहिल्यांदा ते टोचेच घासून टाका म्हणतात, कारण दुखण्याचा राग सगळ्या मुठीवर निघतो. मी त्यांना पुन्हा खडू लावायला सांगतो. दुखतं ती जागा आणि टोचे असतात ती जागा बहुतेक वेळा वेगळ्या निघतात. ज्या टोच्यांची टोकं खरोखर बोचतात त्यांची नुसती टोकं 400च्या कागदाने उतरवतो, मुळं राहू देतो. मऊ आणि खरखरीत यांची सीमा जिथे असते तिथे एकदम पायरी ठेवायची नाही, एकात दुसरं हळूहळू मिसळू द्यायचं. ही सीमा प्रत्येक हातात वेगळी. ज्याचा हात कोरडा त्याला कमी टोचे पुरतात, ज्याला घाम सुटतो त्याला जास्त.

तेलाची निवड आमच्या मातीनेच सोपी केली आहे. बीदर, कलबुर्गी, लातूर या पट्ट्यातल्या काळ्या रानात रब्बीला ज्वारीबरोबर जवस आणि करडई पेरायची जुनी चाल. जवसाची चटणी आमच्या ताटात असते आणि जवसाचं तेल आमच्या दुकानात. हे तेल सुकतं, आणि तेच त्याचं वैशिष्ट्य. शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं तेल लाकडावर ओलंच राहतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन लाकडाच्या आतच घट्ट होतं. करडईचं तेल त्याच्या खालोखाल, पण सावकाश आणि अर्धवट. घाण्याचं कच्चं जवसतेल आत खोल जातं, पण सुकायला फार दिवस घेतं. रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळणारं उकळलेलं तेल लवकर सुकतं, कारण त्यात सुकवणारी द्रव्यं असतात. मी पहिला हात कच्च्या तेलाचा, थोडं टर्पेंटाईन घालून पातळ केलेला देतो, पुढचे पातळ हात बेलतेलाचे. प्रत्येक हात लावून थोड्या वेळाने वर राहिलेलं सगळं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. वर राहिलेलं तेल सुकून चिकट साय होते, आणि मग मेलामाईनचीच तक्रार परत येते. मुठीच्या टोकाची आडवी कापलेली बाजू सगळ्यांत जास्त तेल पिते. तिला तहान असेपर्यंत द्यायचं, कारण घामही तिथूनच आत शिरतो.

तेलाच्या फडक्यांबद्दल मी माझ्या हाताखालच्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं. तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आतच कोंडते आणि काडी न लावता फडकं पेट घेतं. सुताराच्या दुकानात भुसा, स्पिरिट, कागद सगळं आजूबाजूलाच असतं. म्हणून फडकी उघड्यावर एकेरी पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून ठेवायची. या एका बाबतीत मी कुणाचीही हयगय खपवून घेत नाही.

ऋतूही पाहावा लागतो. आमच्याकडचा उन्हाळा कोरडा आणि कडक, पावसाळ्यात हवा दमट. लाकूड आडव्या अंगाने फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. मेमध्ये घट्ट बसवलेली मूठ ऑगस्टमध्ये धातूच्या चौकटीवर चढताना अडते, आणि जोर केला तर स्क्रूच्या भोकापासून तडा जातो. म्हणून धातूला लागणाऱ्या आतल्या बाजूलाही मी तेल पाजतो, ती बाजू कुणाला दिसत नसली तरी. एका बाजूने तेल प्यायलेलं आणि दुसऱ्या बाजूने कोरडं लाकूड वाकतंच. पावसाळ्यात तेल सुकायला वेळ लागतो हे मुलांना आधीच सांगतो, म्हणजे स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ती मूठ घेऊन धावत येत नाहीत.

बीदरमध्ये राहून हातकामाचा विचार करायचा आणि बिदरीचं नाव घ्यायचं नाही हे शक्य नाही. ओतलेला जस्त-तांब्याचा नग कानशीने, खरवडणीने, कागदाने सारखा करायचा, मोरचुदाच्या पाण्याने काळा करून त्यावर नक्षी काढायची, छिन्नीने कोरायची, खाचांत चांदीची तार ठोकून बसवायची, पुन्हा घासायचं. मग किल्ल्यातली, ऊन-पाऊस न लागलेल्या जुन्या जागची माती आणि नवसागर यांच्या उकळत्या पाण्यात नग बुडवायचा. धातू काळाभोर होतो आणि चांदी तशीच राहते. शेवटी तेलाचा हात. बिदरीला 2006मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि इथले शाह रशीद अहमद कादरी यांना 2023मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या सगळ्याच कारागिरांच्या गल्ल्यांत आनंद होता. या कामात घासण्याला जो मान आहे तो मी लहानपणापासून पाहिला. तार कितीही सुरेख असो, आधीची आणि नंतरची घासाई नीट नसेल तर नक्षी उठत नाही. किल्ल्यातल्या रंगीन महालात बरीदशाही काळातले कोरीव लाकडी खांब आहेत आणि काळ्या दगडात बसवलेला शिंपला आहे. तिथे गेलो की मी खांबांकडे सुताराच्या नजरेने पाहतो. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांना माझ्यासारखे नंबरांचे कागद मिळत नव्हते. तरी नक्षीच्या खोलातल्या कडाही कुणी तरी चिकाटीने साफ केल्या आहेत.

आमच्या घरात वडील बैलगाड्या आणि औतं करायचे. नांगराचं रुमणं ते बाभळीचं करत आणि त्याला कधी पॉलिश करत नसत. नुसतं गोलवून, काचेच्या तुकड्याने खरवडून, करडईच्या तेलाचा हात देऊन शेतकऱ्याला देत. मी विचारलं तेव्हा म्हणाले होते की उरलेलं काम त्याचा हात करील. नेमबाजांच्या मुठींवर काम करताना मला त्यांचं म्हणणं पुरतं कळलं. आपण मूठ ऐंशी-नव्वद टक्के आणून द्यायची. बाकीचं तिच्या मालकाच्या घामाने, सवयीने, सरावाने व्हायचं असतं. म्हणून मी मुलांना सांगतो की दोन महिन्यांनी पुन्हा या. तेव्हा लाकडावर उमटलेली झीज मला खडूपेक्षाही खरं सांगते, आणि तेव्हाचे दोन-चार घासे पहिल्या सगळ्या कामाइतकेच मोलाचे ठरतात.

मूठ मऊ झाली म्हणून गुण वाढतात असं मी कुणाला सांगत नाही. गुण सरावाने, श्वासाने, शांत मनाने वाढतात, ते त्यांचे सर शिकवतात. मूठ एवढंच करते की हाताची तक्रार बंद होते आणि लक्ष समोरच्या वर्तुळावर राहतं. बसवकल्याणकडची एक मुलगी आईबरोबर आली होती. बोटं बारीक, मूठ मोठ्या पुरुषी हाताची. बोटांच्या खाचा भरून, पुन्हा कोरून, तळहाताची फळी वर सरकवून तिच्या मापाची केली. काही दिवसांनी तिची आई पोरीच्या टिफिनच्या डब्यात शेंगापोळ्या घेऊन आली आणि म्हणाली, “भाऊ, आता ती हाताबद्दल बोलतच न्हाई. निसतं गोळ्यांबद्दल बोलती.” माझ्या कामाची याहून मोठी पावती मला नको आहे.

या कामाने माझं फर्निचरही बदललं. आता खुर्चीचा हात मी डोळे मिटून तपासतो. मनगट टेकतं तिथली कड उतरवतो, कपाटाच्या खुंट्यांना मेलामाईनऐवजी तेल देतो, जिन्याच्या कठड्याखालची, कुणाच्या नजरेला न पडणारी बाजूही घासतो, कारण म्हाताऱ्या माणसाची बोटं तिथेच वळसा घालतात. गिऱ्हाइकाला याचं कारण सांगितलं की ते बहुधा मान्य करतं, आणि थोडे जास्त पैसे द्यायलाही तयार होतं.

आमच्या सीमाभागातल्या पोरांनी नेमबाजीसाठी पुण्या-कोल्हापूरला जावं, मोठं व्हावं हे मला हवंच आहे. पण प्रत्येक वेळी कानशीचे चार घासे मारायला त्यांनी तिकडे जायची गरज नाही. लाकूड समजणारे हात बीदरच्या, भालकीच्या, हुमनाबादच्या गल्ल्यांत आजही आहेत. त्यांना मोठ्या फर्निचरची कामं कमी मिळू लागली आहेत. अशा सुतारांनी मुठींचं काम शिकावं, खेळाचे नियम समजून घ्यावेत, शस्त्राला हात न लावता लाकडापुरतं काम करावं, आणि ज्याला शिकायचं असेल त्याने सकाळी माझ्याकडे यावं. खडू, कानस, कागद आणि जवसाचं तेल मी देईन. एक मूठ आणि ती धरणारा हात मात्र त्याने आणावा, कारण हे काम हात समोर असल्याशिवाय शिकता येत नाही.